एकसष्टावं घर

लातुरात औसा रोडला गुरुबसप्पाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, घरोघर बोअर पडायला लागले, त्याच वर्षी त्याच्या बापानं, धोंडप्पानं, पत्र्याच्या शेडमध्ये ते सुरू केलं होतं. "जिल्हा आन् आपलं दुकान एकाच सालचं," असं गुरुबसप्पा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पुढं तांब्याच्या तारा, जळालेल्या मोटारी, वार्निशचा वास. मागच्या खोलीत मात्र एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीला चिकटवलेला मोठा चौकटींचा कागद. आडव्या सोळा, उभ्या सोळा, अशा दोनशे छप्पन्न चौकटी, आणि प्रत्येकीत शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय, सापशिडी का? टेबलाशी बसलेली पंचशीला हनवते मान वर न करता म्हणायची, "गाव हाय."

गावच होतं ते. औसा तालुक्यातलं डोंगरपिंपरी. एकसष्ट घरं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. दोन हजार पंधराचा पावसाळा नावालाच झाला आणि दिवाळीपासून गावोगाव टँकर सुरू झाले. टँकर आला की जी मारामारी व्हायची ती ज्यानं पाहिली त्यालाच ठाऊक. दांडग्याच्या आठ घागरी आणि कुणाच्या वाट्याला तळाचा गाळ. डोंगरपिंपरीच्या सरपंचानं, व्यंकटरावानं, गुरुबसप्पाला विचारलं, असं काही यंत्र होईल का की घराला रोज साठ लिटर, म्हणजे चार घागरी, त्याहून एक थेंब जास्त नाही आणि एक थेंब कमी नाही? गुरुबसप्पानं पंचशीलाकडं बघितलं. ती म्हणाली, होईल. महिन्याभरात तिनं पेटी केली. घरटी एक कार्ड. टाकीखालच्या नळाच्या पेटीला कार्ड टेकवलं की साठ लिटर पाणी पडायचं आणि नळ आपोआप बंद. दुसऱ्यांदा टेकवलं की काचेवर अक्षरं यायची, "आजचं पाणी घेतलं."

पेटीत एक चिप होती, नखाएवढी. वीज गेली तरी विसरणार नाहीत असे फक्त दोनशे छप्पन्न खाने तिच्यात होते, आणि ते भिंतीवरच्या कागदावर मांडलेले होते. एका घराला चार खाने. पहिल्या दोनांत त्या घरानं आज किती लिटर घेतलं तो आकडा, तिसऱ्यात पेटीनं किती वेळा कार्ड परत फिरवलं ते, चौथ्यात किरकोळ खुणा. एकसष्ट घरांचे दोनशे चव्वेचाळीस झाले. उरलेल्या बारांत पेटीचा स्वतःचा संसार.

आता, सी भाषेत प्रोग्राम लिहिणारी बहुतेक मंडळी या भानगडीत पडत नाहीत. प्रोग्राममधल्या आकड्याला नाव द्यायचं आणि त्याला जागा कुठं द्यायची ते कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडायचं. शहाण्यानं त्यात नाक खुपसू नये असंच शिकवतात. पंचशीलानं ते एकदा करून बघितलं होतं. टेबलावरच, गाव लांब असताना. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आणि कंपायलरनं सगळ्यांना सरकवून बसवलं. बाराव्या घराचं पाणी तेराव्याच्या नावावर, तेराव्याचं चौदाव्याच्या. त्या दिवसापासून तिनं ठरवलं की जागा आपण द्यायची. प्रत्येक घराचा पत्ता तिनं स्वतःच्या हातानं प्रोग्राममध्ये लिहिला. एकदा दिलेली जागा कुणी हलवायची नाही, कंपायलरनं नाही, सरपंचानं नाही. तिला या कागदाचा अभिमान होता. तो अभिमान कुठून आला होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ती कंधारकडची. तिचे आईबाप दसऱ्याला ऊसतोडीला जायचे ते पाडव्याला परत यायचे. जाताना दाराला कुलूप लागायचं. पण घर रिकामं नसायचं. मागच्या पडवीत तिची आज्जी, केवळाबाई, आणि ती स्वतः. गावच्या कागदावर मात्र त्या घरापुढं लिहिलेलं असायचं, बंद. कुलूप बघून लिहिणारा निघून जायचा. रॉकेलचं वाटप आलं तरी बंद, साखर आली तरी बंद. केवळाबाई काठी टेकत चावडीवर जायची आणि म्हणायची, "आरं, म्या मेले का? मी हाय की घरात." वस्तीत पाणी सगळ्यांत शेवटी सुटायचं. तेही घागर अर्धी भरली की टाकीवरचा कुणीतरी चावी फिरवायचा. आज्जी अर्धी घागर कमरेला लावून परत फिरायची आणि वाटेत कुणाशीच बोलायची नाही. पंचशीलाला त्या गप्प बसण्याचा राग यायचा. अजूनही येतो.

विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला तेव्हा पहिले आठ दिवस तिनं नुसतं धरणाचं पाणीच बघितलं. एवढं पाणी एके ठिकाणी असतं हे तिला माहीतच नव्हतं. पुढं पुण्यात आठ महिने नोकरी झाली, आई आजारी पडली म्हणून परत यावं लागलं, आणि मग गुरुबसप्पाची मागची खोली. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, पण पगाराला खोटा नव्हता, आणि दुपारी घरून आलेली ज्वारीची भाकरी अर्धी तोडून तिच्यापुढं ठेवायचा. ती त्याला अप्पा म्हणायची.

पेटी लिहिताना तिनं दोन गोष्टी आपल्या हट्टानं घातल्या. एक, प्रत्येक घराची जागा पक्की. दुसरी, एकदा पाणी सुरू झालं की साठ लिटर होईपर्यंत ते कुणालाही बंद करता येणार नाही. चावीच नाही, बटणच नाही. गुरुबसप्पा म्हणाला, "पोरी, एखादं बटन ठिव की. पाइप फुटला, काय झालं..." ती म्हणाली, "न्हाई अप्पा. बटन ठिवलं की कुणीतरी दाबतंय."

पेटी बसवायला दोघं डिसेंबरात डोंगरपिंपरीला गेले. ग्रामसेवकानं यादी दिली. गल्लीगल्लीनं घरं, शेवटी वस्तीतली, आणि अगदी शेवटी, एकसष्टावर, केरबा नावाचा माणूस. त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, स्थलांतर. यादीप्रमाणं एकसष्ट कार्डं झाली होती, ती ग्रामसेवकानं घरोघर वाटली. सरपंचाच्या ओसरीवर चहा झाला. व्यंकटरावानं सहज विचारावं तसं विचारलं, "हनवते म्हंजी कुठले?" पंचशीला म्हणाली, "कंधारकडचे." तो "आसं आसं" म्हणाला आणि पुढं काही विचारलं नाही. वस्तीत एक चक्कर टाकावी असं तिच्या मनात होतं. पण अप्पाला निघायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या ओसरीवरून उठून सगळ्यांदेखत वस्तीकडं चालत जाणं नको वाटलं. नळाला पाणी आलेलं बघून ते लातूरला परत आले.

तीन महिने पेटी बिनतक्रार चालली. वस्तीतल्या बाया इतरांच्या रांगेत उभ्या राहून चार-चार घागरी भरून नेत होत्या आणि चावी फिरवायला कुणी नव्हतं. हे पंचशीलानं फोनवरच ऐकलं, पण ऐकून ती दिवसभर खुशीत होती. आणखी बारा गावांनी पेटी मागितली. गुरुबसप्पानं दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली.

मार्चमध्ये ढोरं मरायला लागली. चारा छावणीत मिळत होता, पण छावणी लांब होती. गावात राहिलेल्या जनावरांसाठी टाकीशेजारी हौद बांधला आणि त्याला पेटीतूनच रोज पहाटे आठशे लिटर सोडायचं ठरलं. मागणी वाजवी होती. तहानलेलं जनावर बघवत नाही, आणि हौद नको म्हणणारं गावात कुणी नव्हतं. फक्त त्या हौदाचा आकडा ठेवायला पेटीत दोन खाने हवे होते, आणि दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न चौकटी भरलेल्या होत्या.

पंचशीला अख्खी सकाळ कागदासमोर उभी राहिली. अप्पा दर तासाला डोकावायचा. "झालं का? व्यंकटरावचा फोन यायलाय. उद्या तहसीलदार येनार हाय हौद बघाया." दुपारी तिची नजर शेवटच्या चौकटींवर गेली. एकसष्ट. केरबा. स्थलांतर. तिनं विचार केला, घर बंद आहे, माणसं पाडव्यानंतर येतील, तोवर दुसरी जागा काढू. तिनं खोडरबर घेतलं आणि पहिल्या दोन चौकटींतलं केरबाचं नाव पुसून तिथं लिहिलं, हौद. कार्ड मात्र रद्द केलं नाही. येतील तेव्हा पुन्हा कुठं नवं करत बसायचं. त्याच संध्याकाळी अप्पानं लॅपटॉप गावाला नेला आणि ती फोनवर सांगेल तशी केबल लावून नवा प्रोग्राम पेटीत घातला.

एका जागी दोघांना बसवलं तर कंपायलर ओरडेल, असं वाटणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. जागा त्यानं दिलेली असेल तर तो डोळ्यांत तेल घालून बघतो. जागा तुम्ही नेमून दिली असेल तर तो ब्र काढत नाही. तुमचं गाव, तुम्ही बघा.

आणि बघायचं कुणी? कुलूप लागलेल्या घराच्या मागच्या पडवीत म्हातारं माणूस राहतं, हे पुण्याच्या इंजिनियरला माहीत नसेल तर त्याला माफ आहे. पंचशीला तिथंच वाढली होती. तिला माफ नाही, आणि ती स्वतःही तसंच म्हणते.

केरबाची आई, धुरपताबाई, सत्तरीची होती. लेक-सून सांगलीकडं ऊस तोडायला गेले आणि ती मागं राहिली, एक शेळी आणि गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं कार्ड घेऊन. यादीत तिचं नाव कुठंच नव्हतं. ग्रामसेवकाला दाराला कुलूप दिसलं आणि अंगणात बसलेली म्हातारी कार्ड घ्यायला दिसली, कुलूप बघून त्यानं स्थलांतर लिहिलं आणि म्हातारी बघून कार्ड दिलं. तीन महिने तिला रोज चार घागरी मिळाल्या. सोळा मार्चच्या सकाळी तिनं कार्ड टेकवलं आणि पेटीनं सांगितलं, आजचं पाणी घेतलं.

घडत होतं ते असं. पहाटे पाचला पेटी सगळ्या घरांचे आकडे शून्य करायची. सव्वापाचला हौद भरायचा आणि एकसष्टच्या खान्यात आठशे हा आकडा बसायचा. सहाला नळ सुरू. म्हातारी रांगेत उभी राहून पुढं यायची तोवर तिच्या जागेवर ढोरांचं पाणी लिहून झालेलं असायचं. पेटीच्या हिशेबी तिनं साठ नव्हे, आठशे लिटर घेतले होते.

"म्या न्हाई घेतलं," ती म्हणायची. रांगेतल्या बाया काचेकडं बोट दाखवायच्या. पहिले दोन दिवस कुणी एक घागर दिली, कुणी अर्धी. मग कुजबुज सुरू झाली. पेटी सगळ्यांना सारखं पाणी देते हे गावानं तीन महिने बघितलं होतं. मग म्हातारीचंच का अडावं? ती पहाटे कुणाला कार्ड देत असेल. पाणी विकत असेल. एकटीला चार घागरी लागतात कशाला? एकदा असं बोललं गेलं की घागर देणाऱ्यांचे हात आखडतात. तसे ते आखडले, वस्तीतलेही. प्रत्येकीच्या घरी माणसं मोजून पाणी होतं.

आठव्या-नवव्या दिवशी व्यंकटरावानं लातूरला फोन केला. गुरुबसप्पानं मागच्या खोलीत येऊन सांगितलं, "पंचशीला, डोंगरपिंपरीत एक म्हातारी रोज भांडायलीय म्हन. कार्ड चालंना म्हनती."

ती दुसऱ्या गावच्या पेटीत डोकं घालून बसली होती. "काचेवर काय येतंय?"

"आजचं पानी घेतलं, आसं येतंय."

"मग घेतलं आसंल की अप्पा. मशीन कशाला खोटं बोलंल?"

कोणाची आई, कितवा नंबर, एवढं तरी विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. अप्पानं तेच वाक्य फोनवर जसंच्या तसं सांगितलं आणि व्यंकटरावानं ते टाकीवर चारचौघांत. म्हातारीनं मग भांडणं सोडून दिलं. तरी रोज सकाळी ती यायची आणि गळ्यातलं कार्ड पेटीला टेकवायची. पेटी अक्षरं दाखवून गप्प झाली की ती बाजूला होऊन उन्हात उभी राहायची, आणि रांग संपली की जाण्याआधी पुन्हा एकदा टेकवायची.

सहा एप्रिलला, त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, ती दोन मैलांवरच्या एका आटलेल्या बोअरकडं गेली. तिथं पाइपातून थेंब गळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी शेळीवाल्यांना ती बांधाच्या बाभळीखाली सापडली. घागर शेजारी, कोरडी. डॉक्टरनं उष्माघात लिहिला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायचं चाललं होतं त्याच आठवड्यातली ही गोष्ट. पेपरवाल्यांचे डोळे रुळांकडं लागले होते, धुरपताबाईचं नाव कुठंच छापून आलं नाही.

सात तारखेला फोन आला तो पंचशीलानंच उचलला. व्यंकटराव म्हणाला, "मॅडम, तेवढं एकसष्ट नंबरचं कार्ड रद्द करून टाका. म्हातारी गेली काल."

"कोण म्हातारी?" ती म्हणाली. "एकसष्ट तर बंद घर हाय ना?"

"बंद कशाचं? केरबा गेलाय उसाला, त्याची माय हुती की घरात."

 तिनं भिंतीकडं बघितलं. शेवटच्या ओळीत, खोडरबरानं मळकट झालेल्या दोन चौकटींत, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, हौद. तिनं अप्पाला हाक मारली. गुरुबसप्पा पाणी घेऊन धावत आला, तिनं तांब्या ढकलून दिला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तो स्टुलावर बसला, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरी, कार्ड खराब झालं हुतं आसं म्हन. घामानं, उन्हानं हुतंय की खराब. बारा गावं थांबलीत. तुला काय मारायचं हुतं का तिला?"

"मारायचं न्हवतं," पंचशीला म्हणाली. "पर मेली."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप आणि केबल घेऊन बसनं निघाली. स्टँडवर गुरुबसप्पा मोटारसायकल घेऊन आला आणि "मागं बस" एवढंच म्हणाला. त्याला ते शोभून दिसलं, हे सांगायलाच हवं.

डोंगरपिंपरीच्या टाकीवर सकाळची रांग होती. तिनं पेटी उघडली, केबल लावली आणि एकसष्टचे चार खाने वाचले. पहिल्या दोनांत आठशे. हे तिला माहीतच होतं. पण हौदाला दोनच खाने लागले होते. उरलेल्या दोनांना तिनं हात लावला नव्हता. तिसऱ्या खान्यात, कार्ड किती वेळा परत फिरवलं त्या जागी, आकडा होता त्रेचाळीस. चोरट्यांना पकडायला म्हणून तिनं हा खाना ठेवला होता. एकवीस दिवस दोनदा, आणि शेवटच्या दिवशी एकदा. त्या दिवशी रांग संपायची वाट न बघता म्हातारी बोअरकडं गेली असावी. पंचशीला तिथंच ओट्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बायांना वाटलं पेटी बिघडली.

केरबा आदल्या दिवशी दुपारी आला होता. मातीला पोचलाच नव्हता. चाळिशीचा, उसाच्या पात्यांनी दोन्ही हात चिरलेले. कुणीतरी त्याला बोलावून आणलं. व्यंकटराव पुढं झाला आणि म्हणाला, "केरबा, ह्या मॅडम पेटी बघाया आल्यात. कार्ड खराब..."

"कार्ड खराब न्हवतं," पंचशीला म्हणाली. "माझी चूक हाय, दादा. तुमच्या घराच्या जागंवर मी हौदाचं पानी लिवलं. घर बंद हाय म्हनून लिवलं. तुमची माय खरं बोलत हुती. तिनं एक थेंब घेतला न्हवता."

 ज्या बाया म्हातारीला काच दाखवायच्या त्या जमिनीकडं बघायला लागल्या. केरबा धावून येईल, हात उगारेल, असं सगळ्यांना वाटलं. पंचशीलालाही वाटलं, आणि तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता उभा राहिला.

"तिनं शेजारच्याच्या फोनवरून सांगितलं हुतं मला," तो म्हणाला. "कार्ड चालंना म्हनून. म्या तिलाच बोललो. तूच कुनाला दिलं आसशील, म्हनलो. परत फोन केला न्हाई तिनं."

 मग त्यानं विचारलं, "ताई, तिची जागा हाय का अजून त्यात?"

"मी करते," ती म्हणाली.

तिनं हौदाचा आकडा उचलला. आणि आता, मांडीवर लॅपटॉप घेऊन, उन्हात, तिला त्याच्यासाठी दुसरी जागा अर्ध्या तासात सापडली. पेटीच्या बारा खान्यांत दोन असे होते की ज्यांत आजवर टँकर किती आले ते मोजलं जायचं. गावाला त्याचा काही उपयोग नव्हता. अप्पाला नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला बरं म्हणून ठेवले होते. मार्चमध्येच ते मोडता आले असते. तेव्हा तिला केरबाचं नाव पुसणं त्याहून सोपं वाटलं होतं. एकसष्टच्या पहिल्या दोन खान्यांत तिनं शून्य लिहिलं. तिसऱ्यातले त्रेचाळीस तसेच ठेवले. पेटी बंद केली आणि म्हणाली, "झालं."

केरबानं खिशातून कार्ड काढलं. कार्डाची दोरी अजून तशीच होती. रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. त्यानं कार्ड पेटीला टेकवलं, आत खट्ट झालं आणि नळाला धो धो पाणी आलं.

त्याच्या हातात घागर नव्हती. बादली नव्हती, काहीच नव्हतं. पाणी सिमेंटच्या ओट्यावर पडून वाळलेल्या मातीत शिरायला लागलं. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग रांगेतली पुढची बाई, शांतम्मा, कळवळून घागर घेऊन पुढं झाली आणि नळाखाली धरायच्या आत तशीच थांबली. तीही म्हातारीला काच दाखवणाऱ्यांपैकी होती. तिनं घागर परत कमरेला लावली.

"आरं, पानी वाया चाललंय!" व्यंकटराव ओरडला. "मॅडम, बंद करा! बंद करा की!"

"बंद हुत न्हाई मधी," पंचशीला म्हणाली. "बटनच न्हाई त्याला."

चार मिनिटं लागतात साठ लिटरला. दुष्काळातली चार मिनिटं, पन्नास माणसं, रिकाम्या घागरी, आणि कुणी जागचं हललं नाही. गुरुबसप्पानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. पाण्याचा ओघळ रांगेतल्या बायांच्या पायांखालून गेला आणि उताराला लागायच्या आधीच जिरला. केरबा नळाकडं बघत होता. त्याचे डोळे कोरडे होते.

नळ आपोआप बंद झाला. केरबानं कार्ड पुन्हा एकदा पेटीला टेकवलं. काचेवर अक्षरं आली. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय म्हनतंय?" त्यानं विचारलं.

 पंचशीलानं वाचलं, "आजचं पाणी घेतलं."

"हाव," केरबा म्हणाला. "आज घेतलं तिनं." कार्डाची दोरी त्यानं स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि तो वस्तीकडं चालायला लागला.